वाढपाचा मान

विशाखा,

मंडळाचा सुवर्णमहोत्सव पार पडला, आणि फार चांगला पार पडला. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे मी तुला फोन करायला बसले. क्रमांक अर्धा दाबून झाला आणि मग हात थांबला. वर्धापनदिनाला तू स्वतः हजर असलीस तरी त्याचा वृत्तान्त मी तुला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगायचा आणि तू तो दुरुस्त करायचा, ही आपली रीत होती. "तसं नव्हतं झालं, पंडित. तू सगळं गोड करून सांगतेस." यंदा दुरुस्त करायला तू नाहीस, म्हणून मीच जपून लिहिते आहे.

तुझ्या पदव्या, लीड्सच्या रुग्णालयातली तुझी कारकीर्द, तू घडवलेले डॉक्टर, हे सारे इतरांनी लिहिले आहे आणि नीट लिहिले आहे. मला आपल्या भांडणाविषयी लिहायचे आहे. ज्यांनी एखादे कार्य आरंभिले त्यांचा गौरव पुढच्यांनी कसा करावा, या एका प्रश्नावर आपण आयुष्यभर भांडलो. तू गेलीस तेव्हा ते भांडण मिटलेले नव्हते. आता बरेचसे मिटले आहे. कसे मिटले ते ऐक.

ज्यांना आपले मंडळ ठाऊक नाही अशाही काही जणी हे वाचतील, म्हणून थोडे मागे जाते. कार्डिफच्या विद्यार्थिनी वसतिगृहात तळघरात एक सामाईक स्वयंपाकघर होते. तू नागपूरहून वैद्यकाच्या पुढच्या शिक्षणासाठी आलेली; मी पुण्याहून संस्कृतची पदवी आणि वडिलांनी मुखोद्गत करून घेतलेली सूक्ते घेऊन शिक्षणशास्त्र शिकायला आलेली. मी ताटासमोर हात जोडून बसले होते आणि तू शेजारच्या शेगडीवर अंडे उकडत होतीस. माझे श्लोक संपेपर्यंत तू थांबलीस आणि मग अतिशय सौम्यपणे विचारलेस, "तुझ्या देवाला गरम अन्न चालत नाही का?" मी म्हणाले, देवाला घाई नसते. तू म्हणालीस, "मला आहे. वॉर्डात जायचंय. मीठ दे." आपल्या मैत्रीचा मंगलाचरणाचा श्लोक म्हणायचा तर तो हाच.

त्या स्वयंपाकघरात शनिवारी दुपारी हळूहळू इतर मराठी मुली येऊ लागल्या. तूरडाळ तेव्हा तिथे मिळत नसे, म्हणून मसुराचे वरण होई. आता कोपऱ्यावरच्या दुकानातही तूरडाळ असते, तरी वर्धापनदिनाला मसुराचेच होते. या शनिवारच्या जेवणाला नाव द्यावे असे मला वाटले आणि मी 'सहाध्यायिनी मंडळ' हे नाव सुचवले. तू म्हणालीस की एवढे नाव उच्चारेपर्यंत भात करपेल. पण फलकावर ते तूच रंगवलेस. मंडळात कुणी कुणाला मॅडम किंवा काकू म्हणायचे नाही, सगळ्या ताई, हा नियमही तुझा. त्या नियमामुळे आज एकोणीस वर्षांची मुलगी मला वसुधाताई म्हणते, आणि मला ते फार आवडते.

पहिल्या वर्धापनदिनी मुलींनी दोन खुर्च्या सजवल्या, पाठीला फुले बांधली. एक तुझी, एक माझी. मी बसले. आरंभकर्त्यांचा सत्कार व्हावा, यात मला वावगे काहीच दिसले नाही. आजही दिसत नाही. तू मात्र उभीच राहिलीस. "ज्यांनी सुरू केलं त्यांनी वाढायचं," तू म्हणालीस. "नव्या मुली बसतील." मुलींना थट्टा वाटली. तू पदर खोचून वरणाचे पातेले उचललेस तेव्हा त्यांना कळले की थट्टा नाही. मग मीही उठले आणि तुपाची वाटी घेतली. त्या दिवसापासून ती माझ्याकडेच राहिली, आणि तुझी टिप्पणीही: "पुण्याचं तूप. दिसतं, पडत नाही."

भांडी घासताना तू मला कारण सांगितलेस. तुझी आजी लग्नाच्या जेवणावळींना जाई तेव्हा तिला सगळ्यांत शेवटी, अंगणाबाहेर बसवत, आणि वाढणारा हात उंच धरून वरून टाकी; भाताचा अर्धा घास पत्रावळीबाहेर पडे. तू ते रडवेल्या स्वरात सांगितले नाहीस. नळाखाली पळी धरून तू म्हणालीस, "इथे मी वाढणार. आणि वाकून, जवळ जाऊन वाढणार. पळी ताटाला टेकली पाहिजे." त्यानंतर तूपसुद्धा मी नेहमी वाकून वाढले. कंबर दुखू लागल्यावरही.

इथपर्यंत आपले एकमत होते. भांडण पुढचे. मला वाढायचेही होते आणि वंदनही हवे होते. ज्यांच्या खांद्यावर आपण उभे आहोत त्यांचे ऋण मोठ्याने उच्चारावे, दीप लावावा, हात जोडावेत, अशी माझी श्रद्धा. तू म्हणायचीस, "नमस्कार केला की माणूस मोकळा होतो. झालं, पाया पडलो, आता काम दुसऱ्यानं करावं." मी एकदा तुला तुझ्याच बैठकीत पकडले. बुद्धांची मूर्ती होती, शेजारी ती तसबीर होती जिच्याशिवाय तुमचे कोणतेही घर पूर्ण होत नाही, आणि दोहोंपुढे ताजी फुले होती. मी फुलांकडे नुसते बोट दाखवले. तू जराही गडबडली नाहीस. "हे दोघे मला रोज विचारतात, आज काय केलंस. तुझे देव विचारतात का?" मी म्हणाले, विचारतात, पण हळू आवाजात. तू इतकी हसलीस की चहा सांडला. वाद तिथेच राहिला; पुढच्या ऑक्टोबरात तू लीड्सहून गाड्या बदलत आलीस आणि फलाटावरच तो पुन्हा सुरू केलास.

उन्हाळ्यात मी तुला भेटायला लीड्सला आले तेव्हा तुझा पलंग खिडकीशी होता. उद्याचे हवामान सांगावे तसे तू म्हणालीस, "सुवर्णमहोत्सवाला मी नसेन. माझा फोटो लावायचा नाही. दिवा नाही, हार नाही. कबूल कर."

मी म्हणाले, मी विचार करते.

"म्हणजे नाही."

"म्हणजे विचार करते."

"कर. तुला वेळ आहे."

मग परिचारिका आली, आणि आपण तिच्या नव्या घराविषयी बोलत राहिलो. निघताना तू माझा हात धरलास. तेव्हाही मी हो म्हटले नाही. श्रद्धेच्या बाबतीत, केवळ समोरची व्यक्ती आजारी आहे म्हणून हो म्हणणे हे तुला अपमानाचे वाटले असते. निदान मी तसे मानते. सप्टेंबरात तू गेलीस. तुझ्या माणसांनी त्रिशरण म्हटले तेव्हा मागच्या रांगेत मीही म्हटले. इतकी वर्षे तुझ्या तोंडून ऐकून ते मला पाठ झाले आहे.

मंडळाची यंदाची अध्यक्षा इरा. न्यूपोर्टमध्ये जन्मलेली, अभियांत्रिकी शिकणारी, चालते ती धावल्यासारखी. तिचा फोन आला. "ताई, विशाखाताईची फोटो लावायचा आहे. दिवा, हार, सगळं प्रॉपर. माझ्या आईबाबांच्या मंडळात फाउंडर्सना तसंच करतात. इज दॅट ओके?"

मी तुला वचन दिलेले नव्हते. मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी तुझ्यासमोर दीप लागावा ही माझी इच्छा होती, आणि ती आता एका मुलीच्या तोंडून, न मागता, समोर आली होती. मी म्हणाले, लाव. जपून लिहायचे ठरवले आहे, म्हणून हेही लिहिते की फोन ठेवताना मला वाद जिंकल्यासारखे वाटले.

महोत्सव एका जुन्या चॅपलच्या सभागृहात होता. मी दुपारी पोहोचले तर दारातच नलिनी. ती मंडळाच्या पहिल्या तुकडीतली, केंब्रिजला संशोधन करून आता निवृत्त झालेली; तिला तू 'शिस्तखाते' म्हणायचीस. तिने दोन्ही हात पसरून दार अडवले होते.

"ताई, तुम्ही जरा गाडीतच बसा ना. दोन मिनिटं."

"का गं?"

"उगीच. बाहेर हवा किती छान आहे."

कार्डिफमध्ये त्या वेळी आडवा पाऊस झोडपत होता. मी नलिनीच्या हाताखालून आत गेले.

समोर पांढऱ्या कापडाचे टेबल, त्यावर समई, उदबत्ती, आणि दोन मोठ्या चौकटी. एकीत तू, चंदनाचा हार घातलेली. शेजारी मी. मलाही चंदनाचा हार, तितकाच मोठा. माझ्यापुढेही फुले. छायाचित्र मागच्या वर्षीचे होते आणि त्यात मी अतिशय प्रसन्न हसत होते.

सभागृहात ज्यांना अर्थ कळत होता त्या सगळ्या जमिनीकडे पाहत होत्या. ज्यांना कळत नव्हता त्या माझ्या आनंदाची वाट पाहत होत्या. इरा धावत आली. "ताई, आवडली का? दोन्ही हार सेम आहे. मी स्पेशली सेम मागवला. फेअर पाहिजे ना."

नलिनीने तिला बाजूला घेतले, पण सभागृह लहान होते आणि सगळ्यांना ऐकू आले. "इरा, स्वीटहार्ट, फोटोला असा हार, जे आता नाहीत ना, फक्त त्यांना घालतात."

"पण ताई तर इथेच आहेत."

"हो. तोच प्रॉब्लेम आहे."

इराच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ती सॉरी म्हणत राहिली, मराठीत, इंग्रजीत, पुन्हा मराठीत. तिला वाटले होते की हार म्हणजे पदक. कुणीतरी हळूच म्हणाले की हे अशुभ झाले, आता शांती करून घ्यावी लागेल. आणि मला हसू फुटले. तू गेल्यानंतरचे ते माझे पहिले हसू, विशाखा, आणि ते आवरेना. मी टेबलाची कड धरून हसले. मग नलिनी हसली, मग सगळ्या, आणि शेवटी डोळे पुसत इराही.

हसता हसता मी त्या चौकटीतल्या स्वतःकडे नीट पाहिले. ती बाई फार चांगली दिसत होती. ती कुणालाही नाही म्हणणार नव्हती. तिच्यापुढे कुणी काहीही बोलले असते तरी तिने तसेच स्मित केले असते. तिला तुपाची वाटी उचलता येणार नव्हती. मग मी शेजारी तुझ्याकडे पाहिले. तूही तशीच होतीस, शांत, सगळ्यांशी सहमत. आयुष्यात तू सलग इतका वेळ कुणाशी सहमत झाली नव्हतीस, माझ्याशी तर नाहीच.

नलिनीने तोवर माझ्या चौकटीवरचा हार काढून पिशवीत कोंबला होता. रीतीप्रमाणे प्रश्न सुटला होता: जिवंत बाईचा हार निघाला, गेलेल्या बाईचा राहिला. इराने घाबरत विचारले, "विशाखाताईचा राहू दे ना?" सगळ्या माना हलल्या. अर्थातच राहू दे. समई लावायला काडेपेटी पुढे आली, ती माझ्या हाती दिली गेली. मला हवे होते ते सारे माझ्या हातात होते.

मी काडेपेटी खाली ठेवली आणि तुझा हार काढला. चंदनाच्या त्या कातऱ्या हलक्या असतात, तरी हात जड झाले. मी म्हणाले, "हिला यातलं काही नको होतं. मला हवं होतं. आज हिचं ऐकायचं."

कुणी वाद घातला नाही. इराने मात्र एक प्रश्न विचारला, आणि तो अध्यक्षेला शोभणारा होता: मग विशाखाताईंसाठी आपण करायचे काय. मी म्हणाले, वाढायचे. चौकटी नलिनीच्या गाडीत गेल्या आणि पांढऱ्या कापडावर पापडाच्या टोपल्या आल्या.

यंदा इतक्या नव्या मुली होत्या की सतरंज्या भिंतीपर्यंत अंथराव्या लागल्या. त्या बसल्या. मी तुपाची वाटी घेतली. वरणाचे पातेले तसेच होते, त्याला कुणी हात लावेना. मला वाटले होते की ते वाढायला कुणी पुढे होणार नाही आणि आपण दोन्ही सांभाळू. तेवढ्यात मागच्या खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. जुन्या मुली उठत होत्या. लीड्सच्या, केंब्रिजच्या, इथल्याच. कुणाच्या गुडघ्याला पट्टा, कुणाच्या कडेवर नात. एकीने भात घेतला, एकीने कोशिंबीर, नलिनीने वरण, आणि जिला काही मिळाले नाही तिने मीठ. विद्यापीठाच्या वतीने एक वेल्श बाई आल्या होत्या. संस्थापिकांवर भाषण लिहून आणले होते त्यांनी. संस्थापिका कुठे बसणार आहेत, असे त्यांनी इराला विचारले. "दे डोंट सिट," इरा म्हणाली, "दे सर्व्ह." बाईंनी क्षणभर विचार केला, भाषण पर्समध्ये ठेवले आणि पापडाची टोपली उचलली.

विशाखा, वाढणाऱ्या जेवणाऱ्यांहून अधिक झाल्या. नव्या मुलींना ताटावर आडवे हात धरावे लागले. "बस, ताई, प्लीज, खरंच बस" असा एकच गजर. नलिनीने माझ्या वाटीत डोकावून "आजही पुण्याचा हात आहे" असे खुशाल जाहीर केले आणि जुन्या सगळ्या हसल्या. माझी परंपरा ज्याला पूजा म्हणते, तिची सगळी लक्षणे मला त्या सभागृहात दिसत होती. फक्त मूर्ती नव्हती.

मग मी एक गोष्ट तुला न विचारता केली. मुली हे सगळे कौतुकाने पाहत होत्या, पण का, ते त्यांना ठाऊक नव्हते. मी वाटी हातात धरूनच तुझ्या आजीची हकीगत सांगितली, तू सांगितली होतीस तेवढ्याच शब्दांत, गोड न करता. भिंतीजवळ बसलेली, लीड्सहून इथे शिकायला आलेली पहिल्या वर्षाची एक मुलगी म्हणाली, "माझी पणजी पण. सेम." आणि ती उठू लागली. तिला पातेले हवे होते.

मी तिला बसवले. नव्या मुलींनी बसायचे, हा नियम आहे. तिच्यासमोर वाकले, वाटी तिच्या भाताला टेकवली, आणि तूप पडू दिले. तिने आडवा हात धरला नाही. मीही थांबवले नाही. नलिनीने वाटीत डोकावले आणि ती वरण घेऊन पुढच्या ताटाकडे गेली.

तर हे असे झाले. उत्सव करण्याच्या रीतीपुरता वाद मी हरले, आणि हरल्याचा इतका आनंद मला यापूर्वी कधी झालेला नाही. पुढच्या वर्षीही फोटो लागणार नाही. इराने तसे सर्वांसमोर जाहीर केले, नियमाच्या भाषेत, आणि त्या एका वाक्यात तिच्या मराठीला कुठेही ठेच लागली नाही.

पण घर माझे आहे. ज्यांच्याकडून मी शिकले त्यांची नावे मी रोज सकाळी सूर्याला अर्घ्य देताना घेते: वडील, माझे गुरुजी, सासूबाई. सुवर्णमहोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी, फोन अर्धा राहिल्यानंतर, त्यांच्यामागोमाग मी तुझे नाव घेतले. तुला हे मान्य होणार नाही. तुझी हरकत काय असेल, कोणत्या शब्दांत असेल आणि त्यानंतर तू चहा मागशील की मीठ, तेही मी सांगू शकते. वडिलांनी मला शिकवले होते की प्रतिपक्ष समोर नसताना मिळालेला जय धरू नये. म्हणून या मुद्द्यावर मी जिंकले असे मी म्हणत नाही. रोज सकाळी तुझे नाव घेईन आणि पुढचा मंत्र म्हणण्याआधी थोडी थांबेन. काही म्हणायचे असेल तर म्हण. देवाला घाई नसते, आणि आता मलाही नाही.